आईवडील आणि मुले: घरातल्या बोलण्याच्या काही रीती

सोलापुरात आजीशी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत तिन्हींची सरमिसळ बोलणारी मुले पुष्कळ आहेत. अशा मुलाने गल्लीतले ‘काय बे’ घरात आणले की वडील भडकतात. वास्तविक मित्रामित्रांत त्या शब्दात आपुलकीच असते आणि वडिलांनीही तो चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे वापरलेला असतो. त्यामुळे शब्दावर बंदी घालण्यापेक्षा तो कोठे शोभतो आणि कोठे नाही, हे एकदा शांतपणे सांगावे. आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणण्याची रीत तर अनेक मराठी घरांत जुनीच आहे, म्हणून आईला म्हटलेले ‘तू’ ऐकताच अनादर झाला असे मानू नये. हाक मारल्यावर मूल ओ देते का, हे पाहावे. आणि मुलाने हाक मारल्यावर आपण मोबाइलमधून मान वर काढतो का, हेही.

शहराच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग चालत असेल, तर मोठ्याने बोलण्यावाचून गत्यंतर नसते आणि माग थांबल्यावरही आवाज चढलेलाच राहतो. मुलाला तो राग वाटतो. म्हणून महत्त्वाचे बोलणे जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवावे. आई विड्या वळत असेल तर मुलाने आधी ‘आता बोलू का?’ असे विचारावे. मात्र ‘एवढ्या विड्या झाल्या की बोलते’ असे सांगितल्यावर आईनेही शब्द पाळावा, कारण मोठ्यांकडून नेमके हेच राहून जाते.

खरी कसोटी चारचौघांत लागते. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, जाण्यापूर्वीच किती पाळण्यांत बसायचे आणि खेळण्यावर किती खर्च करायचा, हे मुलाशी बोलून ठरवावे. तरीही त्याने हट्ट धरला, तर गर्दीतच दटावण्याऐवजी त्याला बाजूला न्यावे, रडणे ओसरू द्यावे आणि ठरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी. माझ्या मते रागावण्यापेक्षाही वाईट गोष्ट नंतर घडते: तोच प्रसंग आत्या-मावशीसमोर रंगवून सांगितला जातो आणि मूल कोपऱ्यात मान खाली घालून ऐकत राहते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी केलेली तुलनाही याच जातीची.

चूक आपली असेल, तर ‘काल सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं’ एवढेच म्हणावे; त्यापुढे ‘पण तूसुद्धा’ जोडल्यास माफी राहत नाही, नवे भांडण सुरू होते. मुलानेही नकार द्यायचा असल्यास समोरच्याचे पूर्ण ऐकून, कारण सांगून द्यावा, आणि तो नकार म्हणजे उद्धटपणा असे आईवडिलांनी लगेच ठरवू नये.

मूल मोठे झाले की दार वाजवून खोलीत जावे, असे सांगितले जाते. एका खोलीच्या घरात वाजवायला दारच नसते. तेथे निदान त्याचे दप्तर, वही आणि मोबाइल त्याला विचारल्याशिवाय उघडू नयेत, आणि मुलानेही वडिलांच्या खिशात हात घालण्यापूर्वी विचारावे.