फोर्ट-अंधेरी फोन जोडणी: एकतर्फी आवाजावरचा माझा उपाय

फोर्टचं ऑफिस आणि अंधेरीचं गोडाउन, दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्क (टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर), मध्ये सिप ट्रंक (इंटरनेटवरून दोन एक्स्चेंज जोडणारी लाइन). रिंग छान वाजायची. पण गोडाउनच्या ताईंचं बोलणं फोर्टला ऐकू यायचं, फोर्टचं त्यांना नाही. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत त्या फोन ठेवायच्या.

रिंग वाजते म्हणजे 5060 पोर्टवरचं सिग्नलिंग (कॉल जोडण्याचे सिपचे निरोप) ठीक. आवाज आरटीपी या प्रोटोकॉलने, वेगळ्या वाटेने जातो आणि तो कुठे पाठवायचा ते एसडीपीत (त्या निरोपांसोबत जाणाऱ्या तपशिलात) लिहिलेलं असतं. सिप डीबग (हे निरोप पडद्यावर दाखवणारी सोय) लावून ती ओळ पाहिली: अंधेरीचा 192.168 वाला खासगी पत्ता! इंटरनेटवरून तिथे पॅकेट पोचणारच नाही.

दोन्ही राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या निरोपांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) आधी बंद केलं. त्याने फायद्यापेक्षा घोळच जास्त होतो. 5060 जगाला उघडा ठेवणं मला मुळीच पटत नाही, पासवर्ड शोधणारे स्कॅनर लगेच मागे लागतात. म्हणून वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन जागांमधली खासगी, बंदिस्त वाट) टाकलं. अंधेरीची लाइन सीजीनॅटमागे आहे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट जोडता येत नाही), पण फोर्टला स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) असल्याने तेवढं पुरलं; अंधेरीकडून कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पॅकेट) दर 25 सेकंदांनी. दोन्हीकडे 192.168.1 चंच नेटवर्क होतं, पत्त्यांचा घोळ नको म्हणून ते अंधेरीत बदलून घेतलं.

शेवटची गोष्ट हमखास राहते: पीजेसिपच्या (अ‍ॅस्टरिस्कचा सिप सांभाळणारा भाग) 'लोकल नेट'मध्ये पलीकडचं नेटवर्कही लिहा. नाहीतर एक्स्टर्नल (बाहेरचा, सार्वजनिक) पत्ता भरलेला असल्यास व्हीपीएनवरही तोच जातो.

जी-711 या कोडेकला (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) एका कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण 87 केबीपीएस लागतात, व्हीपीएनचा भार वेगळा. सीसीटीव्हीचा बॅकअप अपलोड खात असेल तर राउटरवर आवाजाला प्राधान्य द्या.