डोक्याची उशी पायाखाली घेऊ नका

न्यूझीलंडहून सुट्टीत नौपाड्यात आले की तिकडे नर्सिंग शिकायला निघालेल्या मुली भेटायला येतात. ठाण्याच्या, ऐरोलीच्या, नेरुळच्या. प्रश्न बहुतेक कुकर आणि मसाल्यांचे. कुकर न्या. खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा, नाहीतर ४०० डॉलर दंड. झालं.

आता उशीचं ऐका. माझी पहिली प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, आजींचे पाय सुजलेले. त्यांच्या डोक्याखाली दोन उशा होत्या, त्यातली एक काढून मी पायाखाली सरकवली. मी ठाण्यात ज्या वॉर्डात घडले, तिथे उशा मोजक्याच, त्यामुळे हे रोजचंच. आजी बोलल्या नाहीत. लेकीने उशी उचलून बाजूला ठेवली, आणि पुढे आजींनी मला अंगाला हात लावू दिला नाही. प्रिसेप्टरने, म्हणजे मला शिकवणाऱ्या सीनियर नर्सने, विचारलं तेव्हा मी वाद घातला, "उशी स्वच्छ होती!" ती प्लेसमेंट मला पुन्हा करावी लागली, फी भरून. उशीपेक्षा तो वाद मला महाग पडला.

माओरी माणसाचं डोकं तापू, म्हणजे पवित्र. डोक्याची उशी डोक्यालाच, तिच्यावर बसायचंही नाही. जेवणाच्या टेबलावर बेडपॅन नको, कंगवाही नको. डोक्याला हात लावण्याआधी विचारा. मायेने केसांवरून हात फिरवायची आपली सवय तर विमानात बसण्याआधीच सोडा.

पेशंटच्या रीतीभातींना धक्का न लावता सेवा करायची, कॉलेजात याला कल्चरल सेफ्टी म्हणतात. इरिहापेती राम्सडेन या माओरी नर्सच्या कामातून ती उभी राहिली आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती शिक्षणात आणली. सेवा सुरक्षित होती का, हे पेशंट ठरवतो, नर्स नाही. आपल्या मुली याच्या नोट्स पाठ करतात आणि स्टाफरूममध्ये "यांचे फार नखरे" म्हणतात, तेही पेशंटला ऐकू जाईल अशा मराठीत. मला याचा फार राग येतो. भाषा कळली नाही तरी सूर कळतो.

बाळंतपणाच्या वॉर्डात तर जास्तच जपा. आपल्याकडे वार (प्लासेंटा) हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. माओरी भाषेत 'फेनुआ' हा एकच शब्द वारेलाही आहे आणि जमिनीलाही. घरचे ती नेऊन आपल्या मातीत पुरतात. 'माझी नाळ इथे पुरलीय' म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायला नको. म्हणून कळा सुरू असतानाच घरच्यांना विचारा, वार नेणार का, आणि उत्तर लगेच फाइलमध्ये लिहा. ड्युटी बदलली की पुढचीला ते कळायला हवं.