मुलाला मित्राकडे खेळायला पाठवताना बंदुकीचं कसं विचारायचं

ह्यूस्टनला नव्यानं आलेल्या आयांना हे फोनवर इतक्यांदा सांगितलंय, की आता लिहूनच ठेवते.

आदल्या दिवशी मेसेज करा. दारात उभं राहून विचारलं तर समोरची बाई अवघडते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुत्रा, पोहण्याचा तलाव यांच्याच ओळीत लिहा: "आमच्याकडे बंदूक नाही. तुमच्याकडे असेल तर कुलपात असते ना?" "बंदूक आहे का?" एवढंच विचारलं तर जाब विचारल्यासारखं वाटतं. इथल्या कित्येकांना बंदूक बाळगणं हा अमेरिकेच्या 1791 च्या घटनादुरुस्तीनं मिळालेला हक्क वाटतो. त्यावरचा वाद त्या दिवशी नको.

आता उत्तर नीट ऐका. "वर ठेवलीय, मुलांचा हात पोचत नाही" हे उत्तर चालणार नाही. लाडवांचा डबा कुठं लपवलाय हे आपल्या पोरांना कळतंच ना? काचेच्या कपाटालाही मी कुलूप मानत नाही. बंदूक रिकामी, तिजोरीत, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. इथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.

गोळ्यांचं मला स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये कळलं. तिथं रविवारी संध्याकाळी छावणीत परतणारी विशीतली पोरं खांद्याला रायफल अडकवून ट्रेनमध्ये चढायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लेकाचा हात धरून डबाच बदलला. शेजारच्या आजींनी समजावलं: रायफल सैन्याची, ती घरी नेतात, पण घरात काडतुसं ठेवायची पद्धत 2007 च्या निर्णयानं बंद झाली. त्याच देशात 2019 ला जवळपास 64 टक्के मतदारांनी बंदुकीच्या कडक नियमांना कौल दिला. लष्करी रायफल घरात असूनही लोक नियम मागतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथं आपण एआर-15 रायफल बघूनच घाबरतो, कारण ती सैन्यातल्यासारखी दिसते. दुकानात मिळते ती चाप एकदा ओढला की एकच गोळी झाडते, तरी भीती खोटी नाही. पण लहान मुलांच्या हाती लागतं ते बहुतेकदा पलंगाशेजारच्या खणातलं पिस्तूल. म्हणून नुसत्या रायफलीचं विचारून थांबू नका.

कुणी चिडलं तर वाद न घालता त्यांच्या मुलाला आपल्याकडे बोलवा. पोहे करा, पोरं खूश.

मुलाला चार गोष्टी पाठ करून घ्या: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, आईला फोन करायचा. खेळण्यातली वाटली तरीही.

मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्या घरातली आई मला थेट माडीवर घेऊन गेली. कपड्यांच्या कपाटामागे आकड्यांच्या कुलपाची तिजोरी. गोळ्यांचा डबा खाली गॅरेजमध्ये, त्याला वेगळी किल्ली, आणि ती तिच्या गळ्यातल्या साखळीत. जिना उतरताना म्हणाली, "तीन वर्षांत हे विचारणारी तूच पहिली."