वडिलोपार्जित जमिनीवरून भावंडांत वाद झाल्यास काय करावे

पुणे जिल्ह्यातील हवेली, मुळशी किंवा मावळ तालुक्यात जमिनीला भाव आला की वर्षानुवर्षे एकत्र कसलेल्या शेतावरून भावंडांत वाद सुरू होतात आणि पहिली धाव थेट शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाकडे घेतली जाते. माझा आग्रह असा की, वकील गाठण्यापूर्वी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या महसुली नोंदी, मिळवाव्यात.

चालू सातबाऱ्यावरून फक्त आजची नोंद कळते. जमीन वडिलांकडे कशी आली, हे समजण्यासाठी त्यावर दिलेल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल आणि संगणकीकरणापूर्वीचे हस्तलिखित सातबारे तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्यावेत. ते वाचताना थोरल्या भावाच्या नावाला जोडून ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आहेत का, हे पाहावे. असल्यास त्याचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेले असते, एकटा मालक म्हणून नव्हे. बहिणींची नावे पूर्वी अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली जात, म्हणून तो रकानाही नीट तपासावा. एखादे नाव कंसात गेले असेल, तर ते कोणत्या फेरफाराने आणि कोणत्या दस्ताच्या आधारे कमी झाले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्यावर नाव लागल्याने मालकी मिळत नाही आणि नाव नसल्याने ती जातही नाही.

त्यानंतर जमिनीचे स्वरूप ठरवावे. हिंदू कुटुंबात वडिलांची स्वकष्टार्जित जमीन मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, यांना समान वाट्याने मिळते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप या दुरुस्तीमुळे उलटत नाही.

बहिणींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वारस नोंदीसाठी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, द्यावे लागत नाही. ‘नोंदीपुरती सही कर’ असे सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जात असेल, तर दस्त पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, कारण नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घेणे फार कठीण असते. चुकीच्या नोंदीची नोटीस आल्यास मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय विरुद्ध गेला, तर प्रांताधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येते.

सर्वांची संमती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदाराकडून वाटप करून घेणे सर्वांत सोपे. मालकीचाच वाद असल्यास दिवाणी दावा करावा लागतो. दाव्यात सर्व हिस्सेदार आणि कुटुंबाच्या सर्व मिळकती दाखवाव्यात, विक्री थांबवण्यासाठी त्याच वेळी तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यावा आणि दावा प्रलंबित असल्याची लिस पेंडन्स नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, म्हणजे खरेदीदाराला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. हिस्सा नाकारल्याचे कळल्यावर स्वस्थ बसू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिश्शासाठी तेव्हापासून 12 वर्षांची मुदत धावते. खर्चाची अडचण असलेल्या बहिणीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, कारण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा चालू असतानाही लोकअदालतीत तडजोड करता येते. तिला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही.

प्राथमिक हुकूमनाम्याने केवळ हिस्से ठरतात. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, त्यामुळे निकाल हाती आल्यावर त्या कामाचा पाठपुरावा सोडू नये, आणि वाटप झाल्यावर मोजणी, हद्दीच्या खुणा, ताबा पावती व स्वतंत्र सातबाऱ्याचा फेरफार ही चारही कामे एकापाठोपाठ पूर्ण करून घ्यावीत.