लोकल आणि पॅसेंजर गाड्यांची स्केल मॉडेल्स घेताना या चुका टाळा

वाफेचे इंजिन किंवा एखादी नावाजलेली एक्सप्रेस मॉडेलच्या रूपात मिळवणे सोपे असते. परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर असे थांबत जालन्याकडे जाणारी पॅसेंजर किंवा डेमू (वेगळे इंजिन न जोडता डिझेलवर चालणारी गाडी) हवी म्हटले की शोध लांबतो. मराठवाड्यातल्या हौशी माणसापुढे मग दोन वाटा उरतात. एक तर जर्मनीची लिंट किंवा डेसिरो, ब्रिटनची पेसर, जपानची किहा 40 अशी तिकडची पॅसेंजर घ्यायची, कारण त्या देशांत अशा साध्या गाड्यांचीही मॉडेल्स निघतात. नाही तर आपल्या डेमूचे थ्रीडी प्रिंट केलेले किंवा कोणी हाताने मोजकेच बनवलेले मॉडेल मिळवायचे. दोन्ही वाटांवर पैसे बुडतात ते बहुधा एकाच कारणाने: फोटो पाहून मन ठरते आणि आकडे मागाहून वाचले जातात.

प्रमाण आणि गेज एकच समजणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. प्रमाण म्हणजे खरी गाडी किती पट लहान केली ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. मॉडेलच्या प्रमाणांना नावे असतात: एचओ म्हणजे 1:87 आणि ब्रिटिश डबल-ओ म्हणजे 1:76, पण दोन्ही 16.5 मिलिमीटरच्या रुळावरच धावतात. त्याहून छोट्या प्रमाणाला एन म्हणतात; युरोपीय एन 1:160, ब्रिटिश एन 1:148 आणि जपानी एन बहुतांशी 1:150 असूनही तिघांचा रूळ 9 मिलिमीटरचाच असतो. त्यामुळे ‘आपल्या रुळावर चालते का?’ या प्रश्नाला विक्रेत्याने दिलेला होकार खरा असला तरी अपुरा असतो. आपला साधा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा सुमारे 21.3 मीटर लांब आहे. तो एचओमध्ये 245 मिलिमीटर भरतो आणि डबल-ओमध्ये 280. साडेतीन सेंटिमीटरचा हा फरक एकाच फलाटाला लावलेल्या दोन डब्यांत कोणाच्याही डोळ्यांत खुपतो.

मराठवाड्याने तिन्ही गेज पाहिलेली असल्यामुळे आपल्याकडे हा हिशेब आणखी रंजक होतो. आजची ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर आहे, पूर्वीची मीटरगेज 1000 होती आणि 1911 साली लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाईट ही नॅरोगेज लाईन 762 मिलिमीटरची. या आकड्यांना 87 ने भागले तर अनुक्रमे 19.3, 11.5 आणि 8.8 मिलिमीटर येतात, तर बाजारात तयार मिळणारे रूळ 16.5, 12 आणि 9 मिलिमीटरचे असतात. म्हणजे गेलेली छोटी लाईन मॉडेलमध्ये जवळपास बिनचूक उतरते, आणि रोज डोळ्यांसमोर धावणारी ब्रॉडगेज मात्र जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी करावी लागते. समोरून पाहताना डेमू किंचित पाय जोडून उभी राहिल्यासारखी दिसते. ही तडजोड मान्य नसेल तर रूळ आणि चाके स्वतः बनवण्याची तयारी आधीच ठेवावी.

याच 9 मिलिमीटरने मला एकदा फसवले. बार्शी लाईटसारखी गाडी उभी करायची म्हणून मी एका विक्रेत्याकडून ‘नॅरोगेज, 9 मिमी’ असे लिहिलेले दोन जुने डबे मागवले. मला हवे होते एचओई, म्हणजे 1:87 च्या प्रमाणातले पण 9 मिलिमीटरच्या रुळावर चालणारे. हाती पडले साधे एन. एचओचा दोन सेंटिमीटर उंचीचा प्रवासी त्या डब्याच्या दाराशी उभा केला, तर आत शिरायला त्याला रांगावेच लागले असते. तेव्हापासून डब्याशेजारी स्टीलची फुटपट्टी ठेवून काढलेला फोटो मागवल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

मोटर आहे असे गृहीत धरणे

लोकल किंवा डेमूच्या संचात बहुधा एकाच डब्यात मोटर असते आणि बाकीचे डबे मागे ओढले जातात. जपानी गाड्या तर मूळ संच आणि जोड संच अशा वेगवेगळ्या पेट्यांत विकल्या जातात. स्वस्त पडली म्हणून घेतलेली पेटी जोड संचाची निघाली तर गाडी जागची हलत नाही. टोमीटेकच्या ‘रेल्वे कलेक्शन’ मालिकेत ग्रामीण मार्गांवरच्या सुंदर छोट्या गाड्या आहेत, पण त्या मांडून ठेवण्यासाठी असतात आणि चालवायच्या तर मोटरचा सांगाडा व धातूची चाके वेगळी घ्यावी लागतात. थ्रीडी प्रिंटच्या बाबतीतही नुसते कवच मिळणार की बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), चाके आणि कपलिंगसह पूर्ण डबा, हे लेखी विचारून घ्यावे.

वीज आणि वळण

एकच युरोपीय मॉडेल पुष्कळदा डीसी आणि एसी अशा दोन आवृत्त्यांत निघते. एसी आवृत्ती मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीसाठी असते. तिची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेली नसतात, म्हणून साध्या दोन रुळी मार्गावर ठेवताच शॉर्ट सर्किट होते. जपानमध्ये घरची वीज 100 व्होल्टची आहे, तेव्हा तिकडून आलेल्या अडॅप्टरवर ‘100–240’ छापलेले नसेल तर तो आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालू नये.

वळणाचा विचार तर खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. सुरुवातीच्या संचांत मिळणाऱ्या सुमारे 36 सेंटिमीटर त्रिज्येच्या एचओ वळणावर 245 मिलिमीटरचा डबा बेंगरूळ दिसतो, मधला भाग आत झुकतो आणि कडेचा सिग्नल पाडतो. आठ डब्यांची डेमू एचओमध्ये दोन मीटर लांब होते, म्हणजे चार फुटी टेबलावर ती पूर्ण उभीही राहत नाही. जागा तेवढीच असेल तर एन घ्यावे किंवा तीन डब्यांवर समाधान मानावे.

जुने मॉडेल अडखळत असेल तर

लगेच मोटर जळाली असे समजून स्वस्तात विकू नये. आपल्याकडची कोरडी धूळ चाकांवर काळा थर धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने चाके आणि रूळ पुसले की निम्म्या तक्रारी मिटतात. पॉलिश पेपर मात्र वापरू नये, त्याचे चरे पुढे आणखी धूळ धरतात. गाडी जागीच चाके फिरवत असेल तर चाकांवरच्या रबरी पट्ट्या वाळलेल्या असतात, आणि त्या बदलता येतात. धातूचा सांगाडा फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर सौदा सोडून द्यावा, कारण तो मिश्रधातूचा रोग आहे आणि त्यावर इलाज नाही.

पार्सल

2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के, तेव्हापासून परदेशी मॉडेलची किंमत ठरवताना शुल्काची तरतूद वेगळी ठेवावीच लागते. विक्रेत्याला कमी किमतीचे बिल लिहायला सांगू नये. पार्सल हरवले तर विम्याचे पैसेही त्याच किमतीने मिळतात.

थ्रीडी प्रिंटच्या कवचासाठी कोणते प्लास्टिक वापरले हेही विचारावे. पीएलए साधारण 60 अंशांला मऊ पडू लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे काय तापमान होते ते सांगायला नको. माझ्या डेमूचे छत असेच एका दुपारी कारमध्ये राहून मधोमध खचले. आता कवच दिवाळीनंतरच मागवतो.