मेंदूविकाराच्या रुग्णाची शुश्रूषा: शुद्धीतील बदल वेळेत कसा ओळखावा

मेंदूच्या रुग्णाची प्रकृती बिघडू लागते, तेव्हा नाडी किंवा रक्तदाब बदलण्याच्या आधी बहुधा त्याची शुद्ध बदलते, आणि हा बदल सर्वप्रथम लक्षात येतो तो त्याच्या उशाशी असलेल्या परिचारिकेच्या. सकाळी स्वतःहून बोलणारा रुग्ण दुपारी हाक मारल्यावरच डोळे उघडत असेल, तर ‘झोप लागली असेल’ असे समजून पुढे जाऊ नये.

शुद्धीची नोंद ठेवण्यासाठी 1974 साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ग्लासगो कोमा स्केल वापरतात. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5 आणि हालचालीचे 6 असे अधिकाधिक 15, तर कमीत कमी 3 गुण असतात. केवळ बेरीज लिहिण्यापेक्षा तिन्ही गुण वेगवेगळे लिहावेत, कारण एकाच बेरजेचे दोन रुग्ण अगदी भिन्न अवस्थेत असू शकतात. आधी रुग्णाजवळ जाऊन नुसते पाहावे, मग हाक मारावी, त्यानंतर सूचना द्यावी आणि प्रतिसाद नसेल तरच वेदनेची संवेदना द्यावी. एक बाजू लुळी असल्यास चांगल्या बाजूची हालचाल गुणांसाठी धरावी, पण दुबळ्या बाजूची ताकद स्वतंत्रपणे नोंदवावी. घशात नळी असलेल्या रुग्णाचे बोलणे तपासता येत नाही, तसे स्पष्ट लिहावे. गुण दोनने घटले तर डॉक्टरांना ताबडतोब कळवावे, आणि एकूण गुण 8 किंवा त्याहून कमी झाले तर श्वासमार्ग धोक्यात आहे असे मानावे. अचानक सुस्ती आल्यास रक्तातील साखरही लगेच तपासावी, कारण साखर कमी झाल्यानेही हुबेहूब असेच चित्र दिसते. ड्यूटी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या परिचारिकेने ही तपासणी रुग्णाजवळ एकत्र करावी, असा माझा आग्रह आहे. ‘गुंगीत आहे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीच्या मनात वेगळा असतो.

डोळ्यांच्या बाहुल्या तपासताना आधी प्रकाशाविना त्यांचा आकार पाहावा आणि नंतर बाजूने टॉर्चचा प्रकाश आत आणावा. एक बाहुली नव्याने मोठी होऊन प्रकाशाला मंद प्रतिसाद देऊ लागली, तर कवटीतील दाब वाढत असल्याची ती गंभीर खूण असू शकते. नाडी मंदावणे, वरचा रक्तदाब चढणे आणि श्वास अनियमित होणे ही त्रयी दिसेपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

अशा रुग्णाचे डोके, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, साधारण 30 अंश उंच आणि मान सरळ ठेवावी. मान एका बाजूला वळली किंवा नळीची पट्टी गळ्याभोवती घट्ट बसली, तर मेंदूतून परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो.

गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने पाणी किंवा औषधाची गोळीसुद्धा देऊ नये. घोट घेतल्यावर खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला, तर अन्न श्वासनलिकेत जात असल्याचा संशय घ्यावा. मात्र काही रुग्णांत खोकलाही येत नाही. भरवल्यानंतर दुबळ्या गालात घास साठला आहे का, हे आवर्जून पाहावे.

आकडी आल्यास प्रथम घड्याळ पाहावे, रुग्णाला शक्यतो कुशीवर वळवावे आणि तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर ती तातडीची स्थिती असते. झटके कोणत्या बाजूने सुरू झाले, हे लिहून ठेवावे.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, पण वळवताना लुळा हात ओढू नये, कारण खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. वाचा गेलेल्या रुग्णाला ऐकलेले समजत असू शकते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलू नये; होकार-नकारात उत्तर देता येईल असा एक छोटा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबावे.