लॅपटॉप फॅक्टरी रीसेट करताना: रिकव्हरी पार्टिशनमध्ये नेमकं काय आहे ते आधी बघा

डिस्कवर 'रिकव्हरी पार्टिशन' (रिकव्हरीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा भाग) दिसलं की लॅपटॉप विकत घेतला तेव्हा होता तसाच परत मिळणार, असं बहुतेकांना वाटतं. पण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. हा फरक न समजल्यामुळेच रीसेट अर्ध्यात अडकण्याचे बरेच प्रकार घडतात. त्यामुळे सुरुवात इथूनच करा.

विंडोजच्या बटणासोबत एक्स दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सुमारे ५०० एमबी ते १ जीबीचं रिकव्हरी पार्टिशन असेल, तर ते विंडोजचं दुरुस्तीचं साधन आहे. त्यातून लॅपटॉप सुरू होऊन रीसेटचा पर्याय मिळतो, पण मूळ विंडोजची प्रत त्यात नसते. १० ते २५ जीबीच्या आसपासचं वेगळं पार्टिशन असेल, तर बहुधा त्यात कंपनीने ठेवलेली संपूर्ण प्रत आहे: त्या वेळची विंडोज, त्या मॉडेलचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि कंपनीची सॉफ्टवेअर. खरं फॅक्टरी रिस्टोअर होतं ते या मोठ्या पार्टिशनवरून. हार्ड डिस्क बदलून नवी एसएसडी बसवली असेल आणि जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली नसेल, तर हे पार्टिशन सापडणारच नाही.

मोठं पार्टिशन नसलं तरी काम होतं. विंडोज १० पासून 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय मशीनवर असलेल्या विंडोजच्या फायलींमधूनच नवी विंडोज उभी करतो. त्याची कमजोरीही हीच आहे. त्या फायली खराब असतील तर रीसेट मध्येच थांबतं आणि 'कोणताही बदल केला नाही' असा संदेश येतो. अशा वेळी 'क्लाउड डाउनलोड' निवडा. विंडोज १० मध्ये हा पर्याय २०२० पासून आहे. त्यात ४ जीबीहून जास्त डेटा उतरू शकतो, म्हणून इंटरनेट भरवशाचं हवं.

सुरू करण्याआधी

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, डी ड्राइव्हवर नको. कंपनीचं रिस्टोअर अनेकदा पूर्ण डिस्क पुसून मूळचीच पार्टिशनं पुन्हा बनवतं, आणि त्यात डी ड्राइव्हही जातो. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि आउटलुकच्या पीएसटी फायली (ज्यात ईमेल साठवलेले असतात) या नेमक्या विसरल्या जाणाऱ्या गोष्टी. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा. फायली नुसत्या दिसल्या म्हणून बॅकअप झाला असं धरू नका.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. अनेक लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं आणि ऐन रिकव्हरीच्या स्क्रीनवर ती की मागितली जाते.

विंडोजची प्रॉडक्ट की शोधत बसू नका. विंडोज ८ किंवा त्यानंतरची विंडोज घालून आलेल्या लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते आणि तीच आवृत्ती पुन्हा बसवली की आपोआप वाचली जाते. ऑफिससारख्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची की किंवा खातं मात्र हाताशी ठेवा.

चार्जर लावा. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, प्रिंटर, सगळं काढा. बॅकअपची डिस्क तर आवर्जून काढा.

रिस्टोअर सुरू करणं

कंपनीची प्रत असेल तर लॅपटॉप चालू होतानाच ठरावीक बटण दाबायचं असतं. एचपीवर एफ११, किंवा आधी एस्केप आणि मेनू आला की एफ११. एसरवर ऑल्ट आणि एफ१० एकत्र. काही होत नसेल तर एफ२ ने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा मेनू) जाऊन 'डी२डी रिकव्हरी' चालू आहे का ते बघा. जुन्या आसुसवर एफ९, सॅमसंगवर एफ४. तोशिबावर शून्याचं बटण दाबून धरूनच पॉवर दाबायचं. लेनोव्होच्या अनेक मॉडेलवर पॉवरच्या जवळ किंवा कडेला छोटं नोव्हो बटण असतं; लॅपटॉप बंद असताना ते टाचणीने दाबा. डेलवर एफ१२ च्या मेनूत सपोर्टअसिस्ट ओएस रिकव्हरी मिळते. नव्या मशीन फार पटकन सुरू होतात, त्यामुळे बटण एकदाच दाबून थांबू नका, पॉवर दाबल्याबरोबर टकटक करत राहा.

बटणाचा उपयोग झाला नाही तर शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. विंडोज उघडतच नसेल तर लोगो दिसल्यावर पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, मग रीसेट. कंपनीची प्रत असेल तर तिचा पर्याय काही मॉडेलवर याच मेनूत वेगळ्या नावाने दिसतो.

'कीप माय फाइल्स' निवडलं तर फायली राहतात, बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअर जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' सगळं काढतं. लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल तर त्यातलाच ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय घ्या. हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, पण साध्या पुसण्यानंतर फायली परत काढता येतात, म्हणून हा वेळ द्यायलाच हवा.

मशीन अनेकदा रीस्टार्ट होईल, स्क्रीन काही वेळ काळी राहील, टक्केवारी एकाच आकड्यावर थांबेल. डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नका. मध्येच वीज तोडली तर जुनी विंडोज गेलेली आणि नवी अर्धवट, अशी अवस्था होते.

अडलं तर

'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (म्हणजे विंडोजचं ते दुरुस्तीचं साधन) सापडलं नाही' असं आलं तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'रीएजंटसी' ही कमांड इंग्रजीत सलग लिहा (आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी), जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि इन्फो. स्थिती 'डिसेबल्ड' दिसली तर इन्फोच्या जागी इनेबल लिहून पुन्हा चालवा.

बायोसमध्ये कोणी साटा मोड (डिस्कशी जोडणीची पद्धत) रेडवरून (RAID) एएचसीआयवर किंवा बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) यूईएफआयवरून लेगसीवर नेला असेल, तर रिकव्हरीला डिस्क किंवा बूट सापडत नाही. तो मूळ सेटिंगवर आणा.

वारंवार वेगवेगळ्या टक्क्यांवर अडत असेल तर आधी डिस्कवर संशय घ्या. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्ट' (SMART) तपासणीत खराब सेक्टर (डिस्कचे बिघडलेले भाग) दिसले तर रिस्टोअरचा हट्ट सोडा: डेटा काढा, डिस्क बदला आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घेऊन ती बसवा.

कंपनीच्या प्रतीत विंडोज जुनी असते, म्हणून पहिलं काम विंडोज अपडेट. सोबत आलेला मुदतीचा अँटिव्हायरस वापरायचा नसेल तर काढा. तो गेला की विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो. सगळं नीट चाललं की १६ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा. डिस्कच गेली तर डिस्कवरचं पार्टिशन उपयोगी पडत नाही.